म्हाताऱ्याची बायको कुठं गेली

आमच्या बाबांना ग्रीसचं वेड लागलं ते अमरावतीला. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी ते तिथे वर्षभर खोली करून राहिले होते. कुण्या निवृत्त साहेबाची पुस्तकं रद्दीत निघाली, त्यात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. पुठ्ठा गेलेला, मधली काही पानं वाळवीनं खाल्लेली. लोक अमरावतीहून येताना बायकोला लुगडं आणतात, पोरांना खाऊ आणतात. आमच्या बाबांनी अथेन्स आणलं. 'घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं,' असं म्हणत आईनं ते पुस्तक झटकलं आणि वाळवी घरात शिरायला नको म्हणून दोन दिवस अंगणात उन्हात टाकून ठेवलं. तिथून ते बकरीनं खाल्लं असतं तर आमचं आयुष्य सरळ गेलं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं.

तर आमच्या अकोल्याच्या दोन खोल्यांत तो म्हातारा असा येऊन राहिला. अथेन्सचा, अनवाणी फिरणारा, बाजारात दिसेल त्याला अडवून प्रश्न विचारणारा, आणि ज्याला शेवटी गावानं विष पाजलं, तो. त्याचं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. म्हातारा म्हटलं की झालं, घरच्याच माणसाबद्दल बोलावं तसं. संध्याकाळची जेवणं आटोपली की बाबा अंगणात बाजेवर बसत, कंदील जवळ ओढत आणि इंग्रजीत वाचत वाचत आपल्या वऱ्हाडीत सांगत. म्हातारा सेनापतीला विचारतो, शौर्य म्हणजे काय बाप्पा? सेनापती एक सांगतो, म्हातारा त्यातली खोट काढतो. सेनापती दुसरं सांगतो, त्यातही खोट. शेवटी सेनापतीच्या लक्षात येतं की जन्मभर ज्याच्या जोरावर मिशीला पीळ दिला ते काय आहे, हे आपल्याला सांगता येत नाही. बाबा इथे मांडीवर थाप मारायचे. मला मात्र सेनापतीची दया यायची. बिचारा आपल्या कामाला निघाला असेल.

खटल्याची गोष्ट तर माझी पाठच झाली होती. म्हाताऱ्यावर आरोप दोन. एक, हा गावच्या देवांना मानत नाही. दुसरा, हा तरण्या पोरांना बिघडवतो. शिक्षा झाली. पळून जायची सोय मित्रांनी करून ठेवली होती, पण म्हातारा जागचा हलला नाही. शेवटच्या दिवशी शिष्य तुरुंगात जमले, तर त्याची बायको आधीच येऊन बसलेली, जवळ लहान लेकरू. ती रडायला लागली तसा म्हातारा म्हणाला, हिला कुणीतरी घरी घेऊन जा. नेलं. मग सगळे पुरुष दिवसभर आत्मा अमर असतो की नसतो यावर बोलत बसले. बाबा बायकोच्या जागेवरून भरकन पुढे जायचे, कारण त्यांना आत्म्याकडे जायची घाई असायची. आई जवळच वाती वळत बसलेली असे. एक दिवस तिचे हात थांबले.

"त्याच्या बायकोले काहून बाहेर काढलं?"

बाबा म्हणाले, ती रडून राहिली होती म्हणून. मग शिष्य नाही का रडले, असं आईनं विचारलं. रडले होते, बाबांना कबूल करावं लागलं. पेला तोंडाला लागल्यावर सगळे हमसून हमसून रडले होते. मग त्यांना कुणी घरी नाही पाठवलं का, आईचा पुढचा प्रश्न. बाबांनी पान उलटलं आणि तिला म्हणाले, मधात फाटे फोडू नको. माझ्या अंगाची लाही झाली. ज्या माणसाचं सगळं नाव फाटे फोडण्यावर उभं, त्याची गोष्ट सांगताना बाबा असं म्हणत होते. पण आई पुन्हा वाती वळायला लागली होती, म्हणून मीही गप्प बसले.

बाबा अकोल्यातल्या एका खाजगी हायस्कुलात इतिहास आणि इंग्रजी शिकवत. शिकवत म्हणजे काय, विचारत. मास्तरनं उत्तर सांगायचंच नाही, पोराच्या तोंडून काढायचं, हे त्यांनी म्हाताऱ्याकडून घेतलं होतं आणि जरा जास्तच घेतलं होतं. सनावळ्या विचारल्या तरी उलट प्रश्न. एका पोराच्या बापानं आमच्या दारात येऊन विचारलं होतं, मास्तर, तुमी पोट्ट्यायले शिकवून राहिले का त्यायच्यापासून शिकून राहिले? बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी चार जणांना सांगितलं. आई कपाळाला हात लावायची. नवरा उंटावरचा शहाणा निघाला, आता उंटाला वैरण कुठून आणू, असं शेजारणींना सांगायची. तरी ती हे हसूनच सांगे, कारण तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते पाण्यावरून. नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षातली गोष्ट. शाळेत अस्पृश्यताबंदीचा कायदा येऊन बसला होता आणि माठ होता तिथेच होता. बाकीची मुलं आपापल्या हातानं पाणी घेत. नव्या बौद्धांची मुलं मात्र ओंजळ धरून उभी राहत आणि शिपाई वरून ओतत असे. कुणी लिहून दिलेला नियम नव्हता. सगळ्यांना माहीत होतं, एवढंच. बाबांनी एक दिवस इतिहासाच्या तासाला फळ्यावर काही लिहिलं नाही, पुस्तक उघडलं नाही. नुसतं वर्गाला विचारलं, पाणी कशानं बाटते?

पोरं म्हणाली, चिखलानं. मग गाळून घेतलं तर? तर चालते. किडे पडले तर? उकळलं की चालते. मग असं काय पडलं म्हणजे गाळूनही चालत नाही आणि उकळूनही चालत नाही? एकानं हळूच सांगितलं, हात लागला तर. कुणाचा हात? पोरं खाली पाहायला लागली. बाबांनी उत्तर दिलं नाही. घंटा झाली आणि ते निघून आले. त्याच दुपारी वर्गातली सगळी मुलं माठाशी गेली आणि सगळ्यांनी आपापल्या हातानं पाणी घेतलं. शिपाई ओगराळं हातात घेऊन नुसता पाहत राहिला.

तेवढ्यावर कदाचित निभलं असतं. पण पोरांनी तो प्रश्न दप्तरात घालून घरी नेला. शाळेच्या मंडळाचे चिटणीस कापसाच्या एका जिनाचे मालक होते. त्यांच्या मुलानं जेवणाच्या पंगतीत, चार पाहुण्यांच्या देखत, आजोबांना विचारलं, पाणी कशानं बाटते? आजोबा ताटावरून उठले. आठ दिवसांत बाबांच्या हातात मंडळाची चिठ्ठी पडली.

बाबा ती चिठ्ठी घेऊन हसत हसत घरी आले. मला तो चेहरा आठवला की अजून चीड येते. लग्नाची पत्रिका यावी तसे ते आले, चप्पल काढायच्या आधी बाजेवर बसले आणि त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली. तिच्यात पाण्याचा उल्लेख नव्हता, कारण पाण्याचं लिहिलं असतं तर कायदा त्यांच्याच मानेवर बसला असता. मास्तरांनी पुस्तकाबाहेरचं बोलून रूढ धर्माचा अनादर केला, आणि विद्यार्थ्यांची मनं बिघडवली, एवढंच होतं. सुट्टी लागण्याआधी लेखी माफी द्यावी आणि पुढे असं करणार नाही असं कबूल करावं, नाहीतर नोकरी संपली असं समजावं.

"तेच दोन आरोप," बाबा म्हणाले. "जसेच्या तसे."

आई म्हणाली, हसून काय राहिले? बाबा म्हणाले, तुला नाही कळणार. आणि त्या दिवसापासून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते काही उतरेना. पाठ ताठ, आवाज मऊ, कुणावर रागावणं नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी गोड मानून घेत. त्यांना विषाचा पेला मिळाला होता आणि ते त्याची वाट पाहत होते.

आता माझं सांगते, कारण माझं त्यात अडकलं होतं. मी नुकतीच मॅट्रिकला बसले होते. निकाल जूनमध्ये. पास झाले की अमरावतीच्या कॉलेजात घालायचं आणि तिथल्या मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं, असं बाबांनी मला दोन वर्षांपूर्वीच कबूल केलं होतं. आमच्या नात्यात एकही मुलगी कॉलेजात गेलेली नव्हती. हे सगळं बाबांच्या पगारावर उभं होतं, दुसरं काही नव्हतंच. गावाकडचं वावर काकांच्या हातात होतं आणि त्यातून आम्हाला वर्षाची ज्वारी तेवढी येई. नोकरी गेली की कॉलेज गेलं, इतका साधा हिशेब. मी मनातल्या मनात रोज बाबांना सांगत होते, करा ना सही. एका कागदावर चार ओळी. म्हातारा सत्तर वर्षांचा होता, त्याचं सगळं करून झालं होतं. माझं अजून सुरूसुद्धा झालेलं नाही.

पण तोंडानं बोलता येईना. मला एका जागी बसवेना. आईनं गच्चीवर कुरड्या घातल्या होत्या आणि कावळे हाकलायला मला बसवलं होतं. मी बसायच्या ऐवजी येरझारा घालायची. जिनाचा भोंगा झाला की दचकायची. खाली यायची, माठातलं पाणी प्यायची, पुन्हा वर जायची. काय व, अंगात आली काय, असं आई विचारायची. मी तिच्यावरच खेकसायची. तिचं तोंड पाहून तिला काय वाटतं ते कळायचं नाही. मी धरून चालले होते की बायकोला जे वाटायला हवं तेच तिला वाटत असणार, म्हणजे सही व्हावी.

मध्ये एका रविवारी बाबा अमरावतीला निघाले. ट्रेनिंगच्या दिवसांतले त्यांचे एक स्नेही तिथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत, त्यांना ही गोष्ट सांगायची होती. मी हट्ट करून बरोबर गेले. बडनेऱ्याला गाडी बदलताना बाबांनी मला केळी घेऊन दिली आणि फलाटावर, भर गर्दीत, मरण म्हणजे काय यावर म्हातारा काय म्हणाला ते सांगितलं. मी केळी पिशवीत ठेवून दिली.

प्राध्यापक बारीक चणीचे, पान खाणारे, हसरे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की तुमचा म्हातारा नेमका कोणता? त्यानं स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. जे आहे ते शिष्यांनी लिहिलेलं, आणि दोन शिष्यांचे दोन म्हातारे एकमेकांशी जुळत नाहीत. पुढे पाद्र्यांनी त्याचा संत केला. इंग्रजांनी त्याला आपल्या शाळांचा हेडमास्तर केला. एका जर्मनानं त्याला शिव्या दिल्या की यानंच ग्रीसची मस्ती घालवली. आपल्याकडे चळवळीत तुरुंगात गेलेल्या लोकांनी त्याला सत्याग्रही केला. ज्याला जो पाहिजे होता तो त्यानं करून घेतला. आता तुम्ही अकोल्याचा मास्तर करून राहिले, ते म्हणाले आणि हसले.

बाबांना हसू आलं नाही. त्यांचा चेहरा पडला, देव्हाऱ्यातला देव कुणी उचलून वजन करून पाहावं तसा. मला मात्र तो माणूस एकदम आवडला. मी धीर करून विचारलं, त्याच्या बायकोचं पुढं काय झालं? लेकरं होती ना तीन? प्राध्यापकांनी जरा विचार केला. मित्रांनी बघितलं असेल, ते म्हणाले, पुस्तकात काही नाही. म्हणजे एवढे शिष्य, एवढी पुस्तकं, दोन हजार वर्षं, आणि कुणीच चौकशी केली नाही? मी हे जरा मोठ्यानंच बोलले असावे, कारण बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. परतीच्या गाडीत ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्या आठवड्यात आमच्याकडे आणखी एक गृहस्थ आले. त्यांचा मुलगा बाबांच्या वर्गात होता, ओंजळ धरून पाणी पिणाऱ्यांतला. ते स्वतः रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, बोलणं तोलूनमापून. बाबांना आनंद झाला. आभार मानायला आले असतील असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी लगेच अथेन्स काढलं. सगळे नागरिक मैदानात कसे जमत, प्रत्येकाला कसं बोलता येई, प्रत्येकाचं मत कसं सारखं, आज आपण मतपेटीत चिठ्ठी टाकतो त्याचं मूळ तिथे कसं आहे. बाबूंनी शांतपणे ऐकलं आणि मग एक विचारलं, त्यायच्या घरी पाणी कोण भरे, सर? गुलाम, बाबा म्हणाले. मग त्यायले मत होतं का? नव्हतं. बाबूंनी मान हलवली. म्हणाले, म्हणजे गाव आमच्या ओळखीचंच आहे.

मग ते कामाचं बोलले. सर, तुमी जाऊ नका. तुमी गेले त तुमचं नाव होईल, अन् खापर आमच्या पोरायवर फुटंल. याच्यापायी चांगला मास्तर गेला, असं म्हणतीन. शाळेत आमच्या पोरायशी सरळ बोलणारा एक तुमीच हा. चार ओळी लिहून द्या अन् राहा. मी दाराआडून हे ऐकत होते आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात आईनं चहा पाठवला. बाबांचा नेहमीच्या कपात. बाबूंचा त्या दुसऱ्या कपात. आमच्या मागच्या दाराशी एक कोनाडा होता आणि त्यात एक निळ्या काठाचा कप वेगळा ठेवलेला असायचा. आजीच्या वेळेपासून तसाच चालत आलेला. त्या जातींतलं कुणी आलं की आईचा हात आपोआप तिकडे जाई. बाबूंनी कपाकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मी घरून घेऊनच निघालो, ते म्हणाले, नमस्कार करून उठले आणि गेले. तो कप तिथेच निवत राहिला. बाबांनी तो पाहिला. मी त्यांना पाहताना पाहिलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. आईनं तो चहा मोरीत ओतला आणि त्या दिवशी शेजारणीकडे जायचं होतं ते रद्द केलं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सकाळी चिटणीस स्वतः घरी आले. बरोबर मंडळाचे एक वयस्क सभासद. चिटणीस वाईट माणूस नव्हते, हे मला आता कबूल करायला हरकत नाही. त्यांनी माफीनामा स्वतःच लिहून आणला होता, मास्तरांना शब्द शोधायचा त्रास नको म्हणून. चार ओळींचा. इथे सही केली की विषय संपला, ते म्हणाले, बाहेर कुणाला कळणारसुद्धा नाही. सभासद म्हणाले, तुमच्या घरी शिकणारी पोरगी आहे, तिचा तरी विचार करा. हे ऐकून मी दारात आले. कुणीतरी माझं नाव काढलं होतं. बाबा मात्र बाजेवर ताठ बसून होते, चेहऱ्यावर ते तेज घेऊन, आणि म्हणत होते की मी कुणालाच काही शिकवलं नाही, मी फक्त विचारलं.

आमच्याकडे बाहेरचे पुरुष आले की बायका आत. चहा झाला की आतून कडी वाजवायची, मग बाबा उठून दारातून ट्रे घेत. त्या दिवशी कडी वाजली नाही. आई स्वतः ट्रे घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावर नीट होता. ट्रे खाली ठेवला आणि सतरंजीच्या कडेला, भिंतीशी बसली. बाबा म्हणाले, तू आत जा.

"मी नाही जात," आई म्हणाली.

चिटणीसांना बरं वाटलं. ते म्हणाले, बसू द्या, बसू द्या, वहिनी, तुम्हीच यांना दोन शब्द सांगा. त्यांनाही माझ्यासारखंच वाटत होतं की बायको म्हणजे सहीच्या बाजूची. आईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती बाबांना म्हणाली की तुम्ही साऱ्या शाळेला विचारलं पाणी कशानं बाटते. लोकांच्या पोरांना विचारलं. मला नाही विचारलं.

बाबा गोंधळले. घरात काय विचारायचं, असं काहीतरी म्हणाले.

"कोनाड्यात कप मी ठेवतो का नाही वेगळा?" आई म्हणाली. वऱ्हाडात आमच्या मायाबहिणी ठेवतो असंच म्हणत. "तुमी रोज पाह्यता. त्या दिवशी थो मानूस चहा न पेता गेला, तेही पाह्यलं. मले एका शब्दानं इचारलं नाही काहून ठेवतं म्हणून. इचारलं असतं त मले सांगता नसतं आलं. तुमच्या सेनापतीवानी."

बाबांच्या चेहऱ्यावरचं तेज गेलं. मी इतके दिवस ते जावं म्हणून तळमळत होते आणि ते गेलेलं मला पाहवेना. एकाएकी ते तिथे एक थकलेले, बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचे गृहस्थ बसले होते, ज्यांची नोकरी जायला आली होती. त्यांनी चिटणीसांसमोर, त्या सभासदांसमोर, खूप वेळ लावून विचारलं, मग तुले काय वाटते? सही करू का?

मी दारात उभी होते. आईनं वर पाहिलं असतं तर मी तिला सरळ समोर दिसले असते. मी डोळ्यांनी तिला हाका मारत होते. तिनं पाहिलं नाही. सतरंजीचा निघालेला धागा बोटाला गुंडाळत ती बसली होती.

"मले नाही मालूम," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण सही केली त माहा कप बरोबर ठरते. मंग मी थो जन्मभर कोनाड्यात ठेवीन अन् कोनी मले काही म्हणणार नाही. मले थसं नाही पाह्यजे. नका करू सही."

बाबांनी कागदाची घडी केली. घडी वाकडी झाली. त्यांनी तो चिटणीसांना दिला. मोठमोठी वाक्यं त्यांनी महिनाभर तयार करून ठेवली होती, मला ती ऐकू येत असत, आंघोळ करताना ते बोलत. एकही आलं नाही. चिटणीसांनी चहा संपवला, कारण ते सभ्य होते, आणि दोघं गेले.

नोकरी गेली. म्हाताऱ्यासारखं काही झालं नाही, शिष्य वगैरे कुणी जमले नाहीत. मुलं सुट्टीत आपापल्या गावी गेली होती. मालधक्क्याचे बाबू एकदा येऊन गेले आणि बाबांवर रागावून गेले. जूनमध्ये मी पास झाले. कॉलेजचा अर्ज आणलाच नाही. बाबांनी शिकवण्या धरल्या, आणि पोटापाण्याच्या शिकवणीत मास्तरनं प्रश्न विचारून चालत नाही, उत्तरंच द्यावी लागतात, तर ते मुकाट्यानं उत्तरं द्यायला लागले. मी चांदूर रेल्वेला प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले आणि पुढे सात-आठ वर्षांनी घरी अभ्यास करून बी.ए. झाले. वसतिगृह, कॉलेजचं फाटक, प्राध्यापकांचा तास, हे माझ्या वाट्याला आलं नाही. ते पुस्तक मी नंतर स्वतः वाचलं, सगळं, आणि बायकोला घरी नेतात त्या पानावर माझा दरवेळी संताप होतो. त्यात बाबांच्यावरचा किती आणि कुणावरचा किती, ते मला अजून वेगळं करता येत नाही.

पण त्या सकाळी, चिटणीस गेल्यावर, बाबा अंगणात नुसते उभे होते आणि आई मोरीत कपबशा विसळत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी आवाज फुटला. मी म्हटलं, तुले त्यायनं इचारलं. मले कोनीच नाही इचारलं. माहं कॉलेज होतं ना.

आई विसळतच राहिली. तिची पाठ माझ्याकडे होती.

"मले मालूम होतं तू दारात हाय," ती म्हणाली. "तुह्याकडं पाह्यलं असतं त मले सही करा म्हना लागलं असतं. म्हणून नाही पाह्यलं."